वायफायच्या घरात संपलेला रिचार्ज

प्रश्न : आम्ही दोघं कराडला राहतो. हे झेडपीच्या शाळेतून रिटायर झाले, मी घरीच असते. दोघांचेही प्रीपेड नंबर. मागच्या महिन्यात सिलिंडरवाला दारात उभा आणि यांच्या फोनवर कोड येईना. शेवटी कळलं, रिचार्ज संपून पंधरवडा उलटला होता! पुण्याचा मुलगा म्हणतो, "आई, माझ्या पोस्टपेडमध्ये तुम्हा दोघांची कार्डं घेतो, कटकट मिटेल." घेऊ द्यावं का?

उत्तर : ताई, सांगलीत एसटी स्टँडजवळ मी चौदा वर्षं रिचार्जचं दुकान चालवलं. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी एकच विचारायची, "घरी वायफाय आहे का?" तुमच्याकडे असणारच. नाहीतर पंधरा दिवस कळलं नाही, असं होत नाही. व्हॉट्सॲप चालू, नातवाचा व्हिडिओ कॉल चालू, सकाळची भजनं चालू. मग फोन बंद पडलाय असं कुणाच्या मनात येईल? पण ते सगळं चालतं वायफायवर. साधा कॉल आणि एसएमएस कार्डावर येतात. व्हॅलिडिटी संपली की आधी जाणारे कॉल बंद होतात आणि काही दिवसांनी येणारेही. गॅसचा कोड, बँकेचा ओटीपी सगळं तिथेच अडकतं.

आता मुलाचं म्हणणं. मुलगा गुणी आहे, पण कार्डं त्याच्या बिलात घालू नका. सरांच्या पेन्शनच्या बँकेला जोडलेला नंबर स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या हातात असावा. एकत्र बिलात मुलाकडून एका महिन्याचे पैसे राहिले तर तिघांचेही फोन अडकायचे. शिवाय जाहिरातीतला पोस्टपेडचा आकडा बहुधा जीएसटी सोडून असतो. ४०० म्हणाले तर १८ टक्के धरून ४७२ भरायचे. प्रीपेडच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो. ज्याला ऑफिस बिलाचे पैसे परत देतं, किंवा जो दिवसभर गाडीत बसून नेट वापरतो, त्याने पोस्टपेड खुशाल घ्यावं. दोन माणसांच्या वायफायच्या घरात त्याचं काय काम?

मीही एकदा हौसेने बिलाचं कार्ड घेतलं होतं. वर्षभराने कंपनी बदलायला गेले तर पोर्टिंग नाकारलं. का, तर जुन्या बिलातले २१२ रुपये बाकी. ते बिल मला कधी मिळालंच नव्हतं. दोन महिने वसुलीचे फोन घेतले, तेही स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकांसमोर!

तुमची खरी अडचण २८ दिवसांच्या पॅकची आहे. महिना म्हणून घेता, पण वर्षात तो बारा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. तारीखही दर खेपेला मागे सरकते, मग लक्षात राहायची कशी? २०२२ पासून ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा एक पॅक ठेवायला लावलाय, पण तो मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

सरांसाठी मी त्याच्याही पुढचं सुचवते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचा, नेट नसलेला पॅक देणंही कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि अशा खास पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेली. दुकानात सरळ म्हणा, "नेट नको, कॉल-मेसेजवाला, जास्तीत जास्त दिवसांचा." ॲपमध्ये तो सगळ्यात खाली दडलेला असतो. मात्र सर बाजारात भाजीवाल्याला फोनवरून पैसे देत असतील तर हा घेऊ नका, मंडईत नेट लागेल. तसं असेल तर दोघांनाही नेटवाला वर्षाचा पॅक घ्या. एकदम पैसे जातात हे खरं, पण तेरा फेऱ्यांची एकच होते. कालनिर्णयवर संपायच्या तारखेच्या आठ दिवस आधी लाल पेनने गोल करा, मुलालाही कळवून ठेवा. त्याला मदत करायचीच असेल तर त्याने तिथूनच रिचार्ज मारावा, कार्ड तुमच्याच नावावर राहू द्या.

कंपनी बदलायची असेल तर आधी शेजारच्या दोन घरांत रेंज कुणाची येते ते विचारा. मग १९०० वर PORT असा मेसेज, पुढे तुमचा नंबर. येणारा कोड चार दिवस चालतो.

रिचार्ज झाला की सरांच्या फोनचं वायफाय बंद करा आणि तुमच्या फोनवरून त्यांना साधा कॉल लावा, व्हॉट्सॲपवरून नको. वाजला पाहिजे. पुढेही पेन्शन जमा झाल्याचा मेसेज एखाद्या महिन्यात आला नाही, तर बँकेत जायच्या आधी रिचार्ज बघा.