नृत्यात एम.ए. करून प्राध्यापक झालं, तर रंगमंच सुटतो का?

नाही, पण रियाजाची वेळ जिवापाड सांभाळावी लागते. पुण्यात कथक नृत्यांगना रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली ‘नृत्यभारती’ ही नृत्यसंस्था सुरू केली आणि स्वतः नाचणं, नव्या रचना बांधणं, शिष्या घडवणं, संस्था चालवणं हे सगळं सोबतच केलं. भरतनाट्यम नृत्यांगना सुचेताताई भिडे-चापेकर यांचंही तसंच.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी शिकवायचं तर एम.ए.नंतर साधारणपणे नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. लागते. नामवंत कलावंतांसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत वेगळी वाटही आहे, ती जरूर वाचा.

खरी दमछाक प्रशासनात होते, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. वेळापत्रक, परीक्षा, तबलजी-पेटीवाल्यांचं मानधन, बालगंधर्व किंवा भरत नाट्य मंदिर अशा नाट्यगृहांची तारीख मिळवणं, अनुदानाचे कागद. हे काम मला अजिबात दुय्यम वाटत नाही. साथीदाराला वेळेवर पैसे मिळाले, तरच मुलींना जिवंत लेहऱ्यावर, म्हणजे ताल धरून ठेवणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीवर, नाचायला मिळतं. नाहीतर रेकॉर्डिंगवर भागवावं लागतं.

म्हणून एम.ए. करतानाच गुरूंच्या एखाद्या कार्यक्रमाच्या आयोजनात हात घाला. हिशेबाची वही मागून घ्या.