पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) माझ्या तक्त्याच्या इंडेक्सला, म्हणजे ओळींच्या लेबलांना, गावांची नावं आहेत, ती अकारविल्हे कशी लावू?
डीएफ = डीएफ.सॉर्ट_इंडेक्स() एवढंच लिहा, डीएफ म्हणजे तुमचा तक्ता; उलट क्रम हवा तर कंसात असेंडिंग=फॉल्स. डावीकडचं ‘डीएफ =’ गाळू नका, हे फंक्शन नवा तक्ता परत देतं, जुना तसाच राहतो. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. मराठीत एक गोम आहे: तुलना युनिकोडनं प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांवरून होते आणि तिथं ळ हा ल नंतर लगेच, व च्या आधी येतो. म्हणून कळंब, कळमनुरी ही कवठ्याच्या आधी लागतील. आपल्या वर्णमालेनं नंतर हवीत. मराठवाड्याचे आठच जिल्हे लावायचे असतील तर हव्या क्रमाची यादी सरळ रीइंडेक्स या फंक्शनला द्या. फक्त यादीत धाराशिव आणि तक्त्यात उस्मानाबाद असेल तर ती ओळ रिकामी येईल.