‘डाग गेलाच पाहिजे’ यातला ‘च’

“मॅडम, आणखी किती सिटिंग केल्या म्हणजे हा डाग कायमचा जाईल?” हा प्रश्न वास्तविक त्वचारोगतज्ज्ञांना विचारायचा; तरीही नागपुरातील धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो इतक्या जणींनी विचारला आहे की, त्यांपैकी एकीची हकीकत, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

चाळिशीला आलेल्या या शिक्षिकेच्या दोन्ही गालांवर दुसऱ्या गरोदरपणात वांग, म्हणजे काळपट डाग, उठले होते. प्रथम तिने औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले, स्टेरॉइड असलेले ‘गोरेपणाचे’ मलम महिनोन्‌महिने लावले. नंतर ग्लायकोलिक ॲसिडचे पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलून काढणारा उपचार, आणि चार वेळा लेझर झाले. हिवाळ्यात चेहरा उजळला, मे महिन्यात डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परतला. नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकला की स्कुटीवरची प्रत्येक मुलगी चेहरा दुपट्ट्याने बांधते, त्यामुळे तेव्हा कोणालाच काही खटकले नाही. ही मात्र भर पावसाळ्यात, शाळेच्या शिक्षककक्षातही दुपट्टा सोडेना, आणि भाच्याच्या लग्नाला जायचे नाही असे तिने घरी सांगून टाकले होते.

पहिल्या भेटी रागातच गेल्या. “डॉक्टरांनी फसवलं मला. जाईल म्हणाले होते.”

“त्यांचे नेमके शब्द आठवतात?”

आठवत नव्हते. उपचारांची फाईल घेऊन या, एवढेच मी म्हटले. पुढच्या वेळी तिने ती उघडली, तेव्हा तिच्याच सहीचे संमतिपत्र निघाले. डाग फिका होऊ शकतो, पुन्हा येऊ शकतो, असे त्यावर स्वच्छ छापलेले होते. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे मला फार उशिरा जमू लागले. त्या दिवशी जमले.

“म्हणजे ‘कमी होईल’ असं ते म्हणाले,” ती हळूच म्हणाली, “आणि ‘जाईलच’ असं मी ऐकलं.”

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारावर मी वाढले आहे, त्यामुळे इच्छेची मागणी कुठे होते याकडे माझे कान असतातच. पण मराठीने ही सोय एका अक्षरात करून ठेवली आहे. मी कागदावर दोन वाक्ये लिहिली: ‘डाग जावा असे मला वाटते’ आणि ‘डाग गेलाच पाहिजे, त्याशिवाय मी माणसांत जाणार नाही’. “यांतले कोणते वाक्य घरातही दुपट्टा बांधते?” तिने दुसऱ्या वाक्यातल्या ‘च’वर बोट ठेवले. ते बोट मी विसरलेले नाही.

येथे थोडे उपचारांविषयी सांगणे भाग आहे, कारण अपेक्षा चुकीच्या असतील तर मनाची समजूत काढणे ही निव्वळ मलमपट्टी ठरते. लेझर साठलेले रंगद्रव्य फोडतो. ते तयार करणाऱ्या पेशींचा अतिउत्साह ऊन, उजेड आणि संप्रेरके यांमुळे चालूच राहतो. आपल्या सावळ्या त्वचेत लेझरच्या उष्णतेने किंवा तीव्र पीलने उलट काळपटपणा वाढण्याचा धोका अधिक असतो. पील वरच्या थरापुरते काम करते, खोलवरच्या डागापर्यंत ते नीट पोहोचत नाही. म्हणून वांग हा मधुमेहासारखा सांभाळायचा विकार आहे: दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन, तेही शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत, कारण साधे सनस्क्रीन दृश्य प्रकाश पुरेसा अडवत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य सांगावे. आणि लग्नाच्या आठवड्यात पील करण्याचा हट्ट कोणीही धरू नये. सोलवटलेल्या चेहऱ्याने वरात पाहण्यात काय मौज?

दुपट्ट्याबाबत आमचा करार साधा होता. रस्त्यावर तो उन्हासाठी राहील, शाळेच्या फाटकातून आत शिरल्यावर स्कुटीच्या डिकीत जाईल. पहिल्या दिवशी तिने पाच मिनिटांत तो पुन्हा बांधला. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत तो डिकीतच राहिला.

ती लग्नालाही गेली. “एका मावशींनी विचारलंच,” परतल्यावर तिने सांगितले. “मी म्हटलं, वांग आहे, औषध चालू आहे. मग जेवणं होईपर्यंत त्यांनी मला स्वतःच्या गुडघ्यांचं सगळं सांगितलं.”