एकाच केबलवर एका बोर्डाचा एसक्यूआय (सिग्नल किती चांगला ते सांगणारा आकडा) ५, दुसऱ्याचा ७. केबल खराब आहे का?

एवढ्यावरून केबल बदलू नका. तुम्ही लिहिलंय की १००बेस-टी१ चा (गाडीतलं, एकाच तारजोडीवर चालणारं ईथरनेट) एकच हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा आहे आणि दोन टोकांना दोन वेगळ्या कंपन्यांच्या फाय चिप (तारेवर सिग्नल पाठवणाऱ्या-ऐकणाऱ्या) आहेत. मग ५ आणि ७ ची थेट तुलनाच होत नाही.

मी इंदूरचा, काम पीथमपूरला, हार्नेस तपासणीचं. हे भांडण आमच्याकडे रोजचं. ओपन अलायन्सने (गाडीतल्या ईथरनेटची मानकं ठरवणारा कंपन्यांचा गट) एसक्यूआयची ० ते ७ पट्टी ठरवून दिली खरी, पण आत मोजलेला दोष त्या पट्टीवर कसा बसवायचा, यात चिपचिपगणिक फरक पडतो. एमपी बोर्डाचे सत्तर टक्के आणि सीबीएसईचे सत्तर टक्के, तसंच समजा. शिवाय प्रत्येक चिप फक्त स्वतःला काय ऐकू येतं तेच सांगते. एकाच जोडीवरून दोन्हीकडचा सिग्नल एकाच वेळी धावतो, त्यामुळे दोन टोकांची अडचण वेगळी असू शकते.

आधी बोर्डांची टोकं बदलून पाहा. ५ बोर्डाबरोबर गेला तर चिप किंवा तिच्याभोवतीचं सर्किट बघा. त्याच टोकाला राहिला तर तिथला कनेक्टर बघा. तिथे तारजोडीचा पीळ गरजेपेक्षा जास्त उकललेला असतो, हे फार वेळा दिसतं.

चिप देत असेल तर एमएसई (मीन स्क्वेअर एरर) वाचा. आलेला सिग्नल -१, ०, +१ या तीन पातळ्यांपासून किती ढळला, त्याच्या वर्गाची ही सरासरी. सरासरी चांगली पण कमाल एमएसई उसळी मारत असेल, तर मोटरचा नॉइज किंवा हलणारं टर्मिनल यांचा संशय घ्या. एसक्यूआयच्या आठ पायऱ्यांत हे सहज दडून जातं. मात्र नुसता एमएसईचा आकडाही अपुरा. एमएसईच्या पट्टीचा कमाल आकडा किती आणि सरासरी किती सिम्बॉल्सची (तारेवरून एकामागोमाग जाणाऱ्या पातळ्यांची), हे ड्रायव्हरने, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, सोबत सांगायला हवं. माझ्या मते प्रमाणीकरणाचा खरा मुद्दा हाच; एसक्यूआयची पट्टी आणखी बारीक करून काही साधणार नाही.

तुटलेली तार किंवा शॉर्ट शोधायला टीडीआर (टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री). स्पंद पाठवायचा, प्रतिध्वनी मोजायचा. तार तुटली असेल तर तो त्याच दिशेचा परततो, शॉर्ट असेल तर उलटा. जाऊन-येऊन साधारण १ नॅनोसेकंदाला १० सेंटीमीटर धरा, म्हणजे १५ मीटरचा हार्नेस १५० नॅनोसेकंदांत उरकतो. चाचणीच्या वेळी समोरचा बोर्ड बंद ठेवा. तो मास्टर (लिंकचं घड्याळ देणारं टोक) असेल तर सतत बोलत राहतो आणि प्रतिध्वनी बुडतो.

लिनक्स ५.८ पासून (२०२०) एसक्यूआय आणि केबल टेस्ट दोन्ही ईथटूलमधून (लिनक्सची नेटवर्क तपासायची कमांड) मिळतात, ड्रायव्हरमध्ये सोय असेल तर. गाडी नवी असतानाच प्रत्येक लिंकचे आकडे नोंदवून ठेवा. पुढे त्याच चिपचा ७ घसरून ५ झाला, तर मात्र हार्नेस उघडा.