व्हिसाचे नियम बदलायची वाट बघू नकोस, पण बाग तारण ठेवायच्या आधी हे वाच

पोरी,

मेसेज वाचला. एमएसला अ‍ॅडमिशन झालं, लई भारी वाटलं. बाबा तासगावची द्राक्षबाग तारण ठेवून लोन काढायला निघालेत आणि तू विचारतेस की अमेरिकेत व्हिसाचे नियम सुधारणार म्हणतात तर एक वर्ष थांबू का. थांबू नकोस. सुधारणा येणार येणार हे मी तिकडं गेलो तेव्हापासनं ऐकतोय. २०१९ ला नोकरीवाल्या ग्रीन कार्डची, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याची, देशवार मर्यादा काढायचं बिल त्यांच्या खालच्या सभागृहात ३६५ मतांनी पास झालं, आमच्या ग्रुपवर लोकांनी अभिनंदनाचे मेसेज टाकले, आणि शेवटी त्याचा कायदा काही झालाच नाही. कुणी त्या भरवशावर लग्न पुढं ढकललं, कुणी घर.

एच-वन-बीचा, म्हणजे तिथं नोकरी करायच्या व्हिसाचा, वर्षाचा मूळ ६५ हजारांचा कोटा १९९० च्या कायद्यातला, आज त्याच्यावर फक्त तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठीचे २० हजार जास्त, बस. अर्ज कोट्यापेक्षा जास्त येतात म्हणून लॉटरी काढतात, त्यात आता जास्त पगाराच्या लेव्हलला जास्त चिठ्ठ्या, म्हणजे फ्रेशरचा चान्स कमी. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली ती वेगळीच. सगळे ह्या फीवरच बोलतात, पण मला विचारशील तर खरी गाठ तिथं नाहीच.

गाठ आहे ती व्हिसा कंपनीच्या नावानं असतो ह्यात. पूर्वी झोनबंदी होती तेव्हा ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालावा लागायचा आणि तो देईल तो भाव घ्यायचा, आजोबांना विचार, ते सांगतील. हे तसंच आहे. नोकरी गेली की ६० दिवस, तेवढ्यात दुसरी कंपनी बघा नाहीतर गाशा गुंडाळा. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मिरजेचा पोरगा, सकाळी मीटिंगला बोलावलं, दुपारी त्याचं कार्ड दाराला लागेना, बायकोला फोन करून पहिलं काय विचारलं तर पोरीच्या शाळेचं वर्ष कधी संपतंय. आणि ज्यांची नोकरी टिकली तेही गप्प, पगारवाढ मागायची नाही, बॉस रात्री दहाला बोलावतोय तर जायचं, कारण ग्रीन कार्डची फाईल कंपनीच्या हातात. वर्षाला नोकरीवाली ग्रीन कार्डं साधारण १ लाख ४० हजार, त्यात एका देशाला ७ टक्के, म्हणून आपली रांग दहा-दहा वर्षांच्या वर जाते. माणसाला कंपनी बदलायची मोकळीक द्या आणि ही रांग सोडवा, सुधारणा करायची तर ही करा, बाकी सगळं वरवरचं.

मोकळीक अजिबातच नाही असं नाही हं, ती लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. एकदा लॉटरीतून एच-वन-बी मिळाला की दुसऱ्या कंपनीत जायला परत लॉटरी नाही, नव्या कंपनीनं अर्ज भरला की काम सुरू करता येतं, हा नियम २००० पासनं आहे. आय-१४०, म्हणजे कंपनीनं तुझ्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज, मंजूर झालं की कंपनी बदलली तरी रांगेतली तारीख सहसा तुझीच राहते. म्हणून प्रत्येक कागदाची कॉपी स्वतःकडं ठेव, आय-७९७ (व्हिसा अर्जाच्या मंजुरीची नोटीस), एलसीए (तुझा पगार आणि कामाच्या अटी कंपनी सरकारला लिहून देते तो कागद), सगळ्या पगाराच्या स्लिपा. एलसीएची कॉपी तुला देणं कंपनीला बंधनकारक आहे, लाजायचं नाही, मागायची. व्हिसाचा खर्च तुझ्याकडनं मागणाऱ्या कन्सल्टन्सीच्या दारात पाऊल ठेवू नकोस. आणि व्हिसाची मुदत संपायच्या आधी काढून टाकलं तर परतीच्या प्रवासाचा खर्च कंपनीनं द्यायचा असतो, हे किती जणांना ठाऊक असतं?

कोर्स स्टेमचाच, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग नाहीतर गणितातलाच घे, आजच्या घडीला त्यावर शिक्षणानंतर एकूण तीन वर्षं काम करता येतं, म्हणजे लॉटरीला एकापेक्षा जास्त वेळा बसता येतं.

आता लोनचं. हप्ता डॉलरच्या पगारावर मोजू नकोस, उद्या परत यावं लागलं तर पुण्यातल्या पगारात तो बसतोय का ते बघ. बसत नसेल तर स्वस्त युनिव्हर्सिटी शोध किंवा असिस्टंटशिप, म्हणजे युनिव्हर्सिटीतलंच पगारी काम, मिळते का बघ, पण अख्खी बाग बँकेकडं नको. अवकाळीनं एक सीझन गेला तर घरात काय होतं हे तू बघितलंयस.

रविवारी बाबांना घेऊन विश्रामबागला माझ्याकडं ये, बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आणि युनिव्हर्सिटीच्या खर्चाचा कागद दोन्ही आण. बसून हिशोब करू, बाबांशी मी बोलतो.

तुझा काका