टाचांच्या भेगांना कोकम तेल कसं लावावं? चेहऱ्याला चालतं का?

भेगांना नक्की चालतं. मात्र या तेलाचा घट्ट गोळा घेऊन कोरड्या टाचेवर नुसता घासलात तर फरक पडणार नाही.

कोकम तेल (मालवणी-गोव्याकडचं भिरंडेल) रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) बियांतलं. बियांचा गर कुटून पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून त्याचे गोळे वळतात. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल (घट्ट राहणारा स्निग्ध घटक) असतं, म्हणून साधारण ४० अंशांपर्यंत ते घट्ट राहतं. खोबरेल २४-२५ अंशांलाच पातळ होऊन चादरीला पुसलं जातं. कोकम तेलाचा थर टाचेवर रात्रभर टिकतो. पण हा थर ओलावा देत नाही, असलेला उडू देत नाही. म्हणून आधी टाच भिजलेली हवी.

रात्री कोमट पाण्यात पाय १०-१५ मिनिटं बुडवा. मऊ पडलेली मेलेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासा, ब्लेडने कापू नका. पाय टिपून घ्या आणि किंचित दमट असतानाच तेल भेगांत भरा, वर सुती मोजे. बहुतेकांची गाडी अडते ती सातत्यावर: दोन दिवस लावून सोडतात. दोन-तीन आठवडे रोज लावा.

गोळा फार कडक वाटतो, त्यासाठी १ भाग कोकम तेल आणि २ भाग खोबरेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवा. पूर्ण वितळलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. सावकाश गार झालं तर रवाळ होतं. रवाळ झालं म्हणजे बिघडलं असं नाही, पुन्हा वितळवा. खवट वास आला तर मात्र टाकून द्या.

पळीत कढवून तेल थेट भेगेत सोडायची जुनी पद्धत मला धोक्याची वाटते. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाजलेलं कळतसुद्धा नाही. मधुमेह असेल, भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बोटांच्या बेचक्यात खाज असेल तर बहुधा बुरशी असते, तिथे हे तेल उपयोगाचं नाही.

चेहरा कोरडा असेल तर थंडीत मुगाच्या दाण्याएवढं तेल तळहातावर चोळून ओलसर त्वचेवर टिपा. आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. तेलकट, मुरमांच्या चेहऱ्याला मी सुचवणार नाही. डाग घालवतं, उन्हापासून वाचवतं, या दाव्यांवर विसंबून सनस्क्रीन सोडू नका.