आमच्या विशेष शाळेतील मदतनीस बाईंना विशेष शिक्षिका व्हायचे आहे. संस्थेने त्यांना कशी मदत करावी?

आपण प्रश्नात लिहिले आहे की, आपल्या शाळेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत आठ वर्षे मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एका बाईंना विशेष शिक्षिका व्हायचे आहे, त्या दहावी उत्तीर्ण आहेत, त्यांचा हात चांगला आहे, आणि संस्थेने त्यांना कोणता अभ्यासक्रम सुचवावा व कशी मदत करावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. अभ्यासक्रमाचे उत्तर थोडक्यात देता येते. मदतीचे तसे देता येत नाही, कारण मी स्वतः नऊ वर्षे मदतनीस होते आणि मला ज्या प्रकारची मदत झाली, तशी ती कोणाला होऊ नये असे मला वाटते.

दहावीवरून थेट वाट नाही. आधी बारावी करावी लागेल, आणि त्यासाठी महाविद्यालयात जायची गरज नाही. 17 नंबरचा अर्ज भरून खासगी परीक्षार्थी म्हणून बसता येते. मीही 2013 साली तशीच कला शाखेतून बारावी झाले. मात्र डी. एड. विशेष शिक्षण या पदविकेला बारावीत किमान 50 टक्के गुण लागतात (राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे), त्यामुळे नुसते उत्तीर्ण होऊन भागणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या केंद्रात दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, आणि शेवटी परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव. तो नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने विशेष शिक्षिका नाही. नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्यास 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाच्या कलम 13 मध्ये एक वर्षापर्यंत कारावास किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिलेली आहे. दंडाची रक्कम वाचून हसू येते, पण कलम आहे.

आता माझी हकीकत. मी 2006 मध्ये एका विशेष शाळेत मदतनीस म्हणून लागले. गाडीतून मुले उतरवून घेणे, त्यांना शौचाला नेणे, कपडे बदलणे, भरवणे, फिट आली तर कुशीवर वळवून वेळ पाहत बसणे, असे माझे काम होते. मुले मला मावशी म्हणत. दोन वर्षांतच एका शिक्षिकेची जागा रिकामी झाली, ती भरली गेली नाही, आणि आठ मुलांचा एक वर्ग कोणीही न सांगता माझ्याकडे आला. हजेरीपटावर त्या वर्गापुढे दुसऱ्या बाईंचे नाव असे. त्या बिचाऱ्या शेजारचा वर्ग सांभाळून दिवसातून दोनदा डोकावून जात. तपासणी असेल त्या दिवशी त्या माझ्या वर्गात बसत आणि मी दाराबाहेर उभी राहत असे.

मी संस्थेच्या सचिवांना विचारले की, मला शिकायचे आहे, काही वाट आहे का. त्यांचे उत्तर मला आजही शब्दशः आठवते. ते म्हणाले, "अहो मावशी, तुमच्या हातात जे आहे ते कोणत्या कॉलेजात मिळणार आहे? कागद काय, कोणीही आणतो." मी खूष झाले. पुढे दरवर्षी शिक्षकदिनाला मला शाल मिळू लागली, आणि मी दरवर्षी खूष होत राहिले. मध्ये त्यांनी मला असेही सांगितले होते की, परिषद ब्रिज कोर्स पुन्हा काढणार आहे, तोपर्यंत थांबा. परिषदेने सुरुवातीच्या काळात, आधीपासून या क्षेत्रात काम करणाऱ्या अप्रशिक्षित लोकांसाठी असा छोटा अभ्यासक्रम खरोखरच चालवला होता. पण तो त्या काळापुरता होता, आणि मी त्याच्या आशेवर चार वर्षे घालवली.

सचिवांचे ते वाक्य किती खोटे होते, हे मला एका चमच्याने शिकवले.

माझ्या वर्गात एक अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याच्या हाताची पकड सैल होती, चमचा धरला की पाच-सात सेकंदांत सुटून पडे. मी त्याला चार वर्षे रोज भरवत होते. घाई न करता, गोष्ट सांगत, तोंड पुसत भरवत होते, आणि त्याचा मला अभिमान होता. दरवर्षी जूनमध्ये मूल्यमापनाचा तक्ता भरण्याची वेळ आली की बाई मला विचारत, "हा स्वतः जेवतो का हो?" मी सांगे, "नाही, मी भरवते." त्या तक्त्यात 'नाही' अशी खूण करत. पुढल्या जूनमध्ये पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच खूण.

2015 मध्ये मी अखेर पदविकेला प्रवेश घेतला. पहिल्याच सत्रात आम्हाला मूल्यमापनाची साधने शिकवली. मद्रास विकासात्मक पद्धतीच्या तक्त्यात 18 क्षेत्रे आणि प्रत्येकात 20 अशी 360 कौशल्ये असतात, तर बौद्धिक अक्षमतेसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या तक्त्यात 'करतो' आणि 'करत नाही' या दोन टोकांच्या मध्ये आणखी पायऱ्या असतात: खुणेने करतो, तोंडी सांगितल्यावर करतो, हाताला धरून मदत केल्यावर करतो. बाकीच्या विद्यार्थिनी त्या पायऱ्या उतरवून घेत होत्या. माझा हात वहीवर थांबला. चार वर्षांत मी त्या मुलाला यांपैकी एकही पायरी चढायची संधी दिली नव्हती. तो स्वतः जेवत नाही हे मला माहीत होते, कारण मी भरवत होते. आणि मी भरवत होते, कारण तो स्वतः जेवत नव्हता. त्याच्या फायलीत सलग चार वर्षे पडलेली 'नाही'ची खूण त्याच्याबद्दल काहीच सांगत नव्हती, ती माझ्याबद्दल सांगत होती.

सरावपाठांसाठी मला माझीच शाळा मिळाली आणि मी तोच मुलगा निवडला. केंद्रातील मॅडमनी मला जेवणाचे कार्य विश्लेषण लिहायला लावले: चमचा धरणे, वाटीत बुडवणे, भरणे, तोंडापर्यंत नेणे, ओठांनी घास ओढून घेणे, चमचा परत वाटीत आणणे. मग शेवटाकडून सुरुवात करायची. चमचा ओठांशी येईपर्यंत माझा हात त्याच्या हातावर, आणि घास ओढून घेणे तेवढे त्याचे. ते जमू लागले की माझा हात त्याच्या मनगटावर, मग कोपराखाली, मग नुसता जवळ. चमच्याच्या दांड्याला मी जुन्या सुती कापडाची जाड पट्टी गुंडाळून ती शिवून टाकली, कारण सैल पकडीला जाड दांडा लागतो, हेही मला तिथेच कळले. अकराव्या आठवड्यात त्याने अर्धी वाटी वरण-भात स्वतः खाल्ला आणि उरलेला अर्धा शर्टावर सांडला. त्या दिवशी मी कौतुक करायला हवे होते. मी उठून भांडी घासायच्या जागी गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

म्हणून 'अनुभव हीच पदवी' असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. अनुभवाने माणसाला सवय लागते, आणि सवय चुकीचीही असते. मदतनिसाचे सगळे काम मुलाची अडचण तत्काळ दूर करण्याचे असते, तर शिक्षिकेला ती अडचण कधीकधी मुलापाशी थोडा वेळ राहू द्यावी लागते. हे दोन हात वेगळे आहेत, आणि एकाचा दुसरा आपोआप होत नाही. आमचे सचिव अनुभवाची स्तुती करत होते ती अनुभवावरच्या प्रेमापोटी नव्हे. मदतनिसाच्या पगारात शिक्षिकेचा वर्ग चालत होता, एवढाच त्या स्तुतीचा अर्थ होता. मात्र जे लोक उलट टोकाला जाऊन म्हणतात की मदतनिसांना काय कळते, त्यांनाही मी सांगेन की, आमच्या तुकडीत फिट आलेल्या मुलाला पाहून न घाबरणारी मी एकटीच होते, आणि मूल रडण्याआधी त्याच्या खांद्यावरून ओळखणारीही. तो ठेवा खरा आहे. त्यावर शिक्षण चढवावे लागते, एवढेच.

आता संस्थेने काय करावे, या आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. सर्वांत आधी वेळ द्या. पदविका पूर्णवेळ आहे, हजेरीची अट कडक असते, आणि सरावपाठ, निरीक्षण, प्रकरण-अभ्यास यांच्या वह्या रात्री लिहाव्या लागतात. मी ती दोन वर्षे सकाळी पावणेसात ते साडेनऊ शाळेच्या गाडीवर काम करून मग केंद्रावर जात असे, आणि उरलेल्या दिवसाचा पगार कापला जात असे. आपल्याला खरोखर मदत करायची असेल तर दोन वर्षांची रजा मंजूर करा, तिचा निदान काही भाग भरपगारी ठेवा, आणि त्यांच्या जागी बदली मदतनीस नेमा, नाहीतर त्यांच्या मुलांचा भार दुसऱ्या मदतनिसावर पडेल आणि ती या बाईंवर चिडेल. संस्थेने शुल्क भरले तर उत्तमच. पण शुल्क कर्ज काढूनही भरता येते, वेळ कर्जाने मिळत नाही.

दुसरे म्हणजे, त्यांना आजपासून लिहायला लावा. आमच्यासारख्या बायकांना मुलांबद्दल तासभर बोलता येते, पण निरीक्षण लिहायला सांगितले की 'मुलगा चांगला आहे, ऐकतो' यापुढे पेन जात नाही. बारावीची तयारी चालू असतानाच, रोज एका मुलाबद्दल पाच ओळी, आणि त्या ओळींत 'चांगला' आणि 'हट्टी' हे शब्द आणायचे नाहीत, असा नियम करून द्या. आपल्या बाई प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याच्या बैठकीत बसल्या पाहिजेत, आणि तक्त्यात त्यांनी सांगितलेली माहिती नोंदवली असेल तर तिथे त्यांचे नावही आले पाहिजे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 17 मध्ये शिक्षकांबरोबर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही उल्लेख आहे, त्यामुळे यात आपण कोणावर उपकार करत नाही.

पुढे नोकरीचे काय, असे आपल्या संस्थेत कोणीतरी विचारणारच. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या निकालात सर्वसाधारण शाळांतील विशेष शिक्षकांच्या पदांचा प्रश्न हाती घेतला. प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला 15 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण त्यातूनच पुढे आले. 7 मार्च 2025 रोजी न्यायालयाने राज्यांना पदे निश्चित करून ती भरण्यास पुन्हा बजावले. सरकारी जाहिराती कधी निघतात हे आपण सगळेच जाणतो, पण जेव्हा निघतील तेव्हा त्या नोंदणी क्रमांक विचारतील, शाली किती मिळाल्या हे विचारणार नाहीत.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. आपल्या बाई पदवीधर असत्या, तर विशेष शिक्षणातील बी. एड. हा मार्ग होता, आणि तो काही मुक्त विद्यापीठांतून दूरस्थ पद्धतीनेही चालत आला आहे. दहावीवरून तिथपर्यंत जायचे तर फार वर्षे लागतात, तरी वय कमी असेल तर विचार करावा. प्रवेशाची पद्धत मधल्या काळात अनेकदा बदलली आहे, म्हणून माझ्या 2015 च्या आठवणींवर विसंबू नका, परिषदेच्या संकेतस्थळावरील चालू वर्षाची सूचना वाचा, आणि केंद्राची मान्यता त्याच सत्रासाठी व त्याच अक्षमतेच्या प्रवर्गासाठी आहे ना, हेही तिथेच पाहा. श्रवणदोषाची पदविका घेऊन बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत आलेल्या एका मुलीची झालेली ओढाताण मी जवळून पाहिली आहे. नोंदणीचेही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आणि सर्वच मदतनिसांना शिक्षिका व्हायचे नसते. माझ्याबरोबरच्या एका मावशींनी स्पष्ट सांगितले होते की त्यांना वह्या नकोत, मुले हवीत, आणि त्यांच्याइतकी चांगली मदतनीस मी पाहिलेली नाही. आपल्या बाईंना हे खरेच हवे आहे की आपल्याला रिकामी जागा भरायची आहे, हे एकदा एकांतात बसून त्यांना विचारा.

शेवटचे, करारनाम्याबद्दल. रजा आणि शुल्क दिल्यावर ठरावीक काळ इथेच काम करावे, अशी अट संस्थेने घातली तर मी तिला अन्याय म्हणणार नाही, फक्त ती लेखी आणि मुदतीची असावी. पण त्यासाठी त्यांची मूळ कागदपत्रे ठेवून घेऊ नका. माझी बारावीची गुणपत्रिका पंधरा महिने सचिवांच्या कपाटात होती; पडताळणीच्या दिवशी ती शिपायाबरोबर केंद्रावर आली, केंद्रातील बाईंनी ती पाहून माझ्या नावापुढे खूण केली, आणि मी हात लावण्याआधी शिपायाने ती घडी घालून पिशवीत ठेवली.